गोठ्याला लागून कुंपण: क्ष नेमका कुठून कुठपर्यंत घ्यायचा?

प्रश्न
गोठ्याच्या 24 मीटर लांब भिंतीला लागून शेळ्यांसाठी आयताकृती कुंपण घालायचं आहे. जाळी 60 मीटर, भिंतीच्या बाजूला जाळी नाही. भिंतीपासून बाहेर येणारी बाजू क्ष मीटर धरली, तर समोरची बाजू 60 − 2क्ष आणि क्षेत्रफळ क्ष(60 − 2क्ष). प्रांत (क्ष ला चालणाऱ्या किमती) 0 < क्ष < 30 घेतला. क्ष = 15 ला सर्वांत जास्त क्षेत्रफळ 450 चौ. मी. येतं, पण उत्तरसूचीत 432 आहे. डेरिव्हेटिव्ह (क्षेत्रफळ बदलण्याचा दर, जो कमाल किमतीला शून्य होतो) दोनदा तपासला. चूक कुठे आहे?

उत्तर 1
डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे, प्रांत चुकलाय. क्ष = 15 ठेवून आकृती काढा: समोरची बाजू 30 मीटर, भिंत 24. मागे 6 मीटरचं खिंडार राहिलं, शेळ्या तिथूनच बाहेर पडणार.

अट फक्त क्ष ला लावून भागत नाही, आकृतीतली प्रत्येक लांबी तपासावी लागते. 60 − 2क्ष > 0 यावरून क्ष < 30. आणि 60 − 2क्ष ≤ 24 यावरून क्ष ≥ 18. (ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटतं. इथे पुष्कळ जण क्ष ≤ 18 लिहून बसतात.) प्रांत झाला 18 ≤ क्ष < 30. 15 च्या पुढे फल (क्ष वरून क्षेत्रफळ देणारं सूत्र) उतरतंच आहे, म्हणून कमाल किंमत डाव्या टोकाला: 18 × 24 = 432.

उत्तर 2
उत्तर पटलं, पण क्ष < 18 अशक्य आहे असं मात्र नाही. भिंतीच्या टोकापुढे उरलेला भाग जाळीनेच बुजवता येतो. समोरची बाजू स धरा: 2क्ष + स + (स − 24) = 60, म्हणजे स = 42 − क्ष. तेव्हा 0 < क्ष < 18 साठी क्षेत्रफळ क्ष(42 − क्ष), आणि क्ष = 15 ला ते 405 च भरतं. हे फल 18 पर्यंत चढत जातं आणि तिथेच 432 ला पहिल्या सूत्राला मिळतं. माझ्या मते खरा प्रांत 0 ते 30 च, फक्त फल दोन तुकड्यांचं.

प्रश्नकर्ता
खांब ठरावीक अंतरावर असतील आणि कोपऱ्यात खांब हवाच असेल, तर?

उत्तर 1
मग प्रांत सलग राहत नाही, आलेख म्हणजे सुटे ठिपके. दर 3 मीटरवर खांब असेल तर 18 चालतो, 432 कायम. दर 2.5 मीटरवर असेल तर 18 ला खांबच येत नाही. तेव्हा क्ष = 20, समोर 20, क्षेत्रफळ 400.