गूढ तसेच राहिले : अर्ध्यावर मोडलेल्या भयकथा-कॅम्पेनचे अनुभव

टेबलाभोवती बसून, फासे टाकून, एकेक पात्र धरून खेळायची कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या कथा, बहुधा शेवटापर्यंत जात नाहीत, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साहसकथेचे कॅम्पेन मोडले तर थोडी हळहळ होते आणि नवे सुरू होते. भुताखेतांचे कॅम्पेन मोडले, तर त्यामागचे गूढ कथा चालवणाऱ्या एकट्या सूत्रधाराजवळ राहते आणि बाकीच्यांना ते स्वस्थ बसू देत नाही. आपले कॅम्पेन कशाने थांबले आणि नंतर सूत्रधाराने गूढ उलगडून सांगितले का, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. आरंभ मी करतो.

आम्ही ‘कॉल ऑफ कथुलू’ खेळत होतो. १९८१ साली आलेल्या या खेळात पात्राच्या मानसिक समतोलाला आकडा असतो. अघटित काही दिसले की तो उतरतो आणि निषिद्ध ज्ञान जितके वाढेल तितकी त्याची कमाल मर्यादाही खाली येते; त्यामुळे रहस्याच्या जवळ जाणारे पात्र आतून ढासळतच पुढे जाते. हा खेळ बहुतेक जण १९२० च्या दशकातील अमेरिकेत खेळतात. आमच्या कीपरने (या खेळातील सूत्रधाराने) तो १८९६ च्या मुंबईत आणला. त्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, तेथून आमची कथा सुरू होत होती. एकाचे पात्र ग्रँट मेडिकल कॉलेजात, प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या हाताखाली काम करी. माझे पात्र मांडवीच्या एका धान्यवखारीतला कारकून होते. वखारीत उंदीर पडत होते, पण रोज सकाळी ते सगळे एकाच दिशेला तोंड करून मेलेले सापडत. ती दिशा मी कारकुनाच्या वहीत टिपत असे आणि ती दररोज किंचित सरकत होती.

१८९७ च्या साथरोग कायद्याचा मजकूर कीपरने पिवळट कागदावर छापून आमच्या हाती दिला, त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने तोच कायदा राज्यात लागू केला. घरांची झडती, विलगीकरण, ओस पडलेले रस्ते हे सारे आम्ही टेबलावर रंगवत होतो, आणि आता तेच शब्द बातम्यांत ऐकू येत होते. ऑनलाइन खेळण्याची सूचना आली, तेव्हा आमच्यातील एकीचे वडील रुग्णालयात होते. कोणीही तो विषय पुन्हा काढला नाही, आणि ते योग्यच झाले. कीपरने उत्तर अद्याप सांगितलेले नाही. ते उंदीर कशाकडे तोंड करून मरत होते, हे मला आजही जाणून घ्यायचे आहे.

सॅन होजेहून

आमचे ‘कर्स ऑफ स्ट्राड’, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळातील भयकथा, वेळेच्या फरकाने संपवले. निम्मे खेळाडू पुण्यात आणि निम्मे येथे होतो. पुण्यात शनिवारी रात्रीचे नऊ वाजत तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेआठ, आणि नोव्हेंबरात घड्याळे मागे गेली की साडेसात. धुक्याने वेढलेल्या खोऱ्यातील स्ट्राड या पिशाच्चाची भीती तिकडे दिवे मालवून बसलेल्यांना वाटे; आम्ही मात्र लख्ख उन्हात, मुलांचे डबे भरता भरता ती ऐकत होतो. भीती एकाच वेळी सर्वांना वाटेना, तेव्हा एकेक जण गळू लागला. या कथेत आरंभीच पाच पत्ते काढले जातात आणि त्याच्याविरुद्ध उपयोगी पडणारी तलवार कोठे आहे, स्ट्राडशी अखेरची गाठ कोठे पडणार, हे त्यांवरून ठरते. डीएम, म्हणजे सूत्रधार, असलेल्या आमच्या ताईने एका संध्याकाळी पाचही पत्त्यांचा अर्थ सांगून टाकला. ज्या द्राक्षमळ्यात आम्ही मुक्काम केला होता, तलवार तेथेच होती. ते ऐकून सगळ्यांना फार बरे वाटले. माझे मत स्पष्ट आहे : सूत्रधाराने सांगावे.

ठाण्याहून

‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ची पाचवी आवृत्ती. यात खेळाडूच व्हॅम्पायर असतात. रक्ताची भूक वाढली की साध्या फाशांच्या जागी भुकेचे वेगळे फासे येतात आणि पात्राचा स्वतःवरचा ताबा सुटू शकतो, ही रचना मला आजही अप्रतिम वाटते. आमचे कॅम्पेन मात्र खासगी संदेशांनी संपवले. कट-कारस्थाने सूत्रधाराला फोनवर कळवायची पद्धत पडली आणि हळूहळू टेबलावर बोलायला काही उरेना; तासभर सगळे आपापल्या पडद्याकडे पाहत बसत. थांबल्यानंतर आम्ही चौघांनी आपापले संदेश एकमेकांना वाचून दाखवले. एकाच वृद्ध व्हॅम्पायरने प्रत्येकाला उरलेल्या तिघांचा नाश करण्याचे वचन दिले होते. इतकी सुरेख कथा होती, आणि ती सर्वांसमोर कधी घडलीच नाही.

कुडाळहून

आमच्या कथेत देवचार, म्हणजे कोकणात राखणदार मानली जाणारी अदृश्य शक्ती, होता आणि त्याला मारणे हे उद्दिष्ट होते. आमच्यातील एकाच्या घरी देवचाराला दरवर्षी रोट आणि विडी ठेवतात. त्याने तिसऱ्याच बैठकीत शांतपणे सांगितले की आमच्या राखणदारावर मी फासे टाकणार नाही. आम्ही तेथेच थांबलो. गूढ कोणी विचारले नाही आणि विचारू नये, असे मला वाटते.

नाशिकहून

मी बरीच वर्षे सूत्रधार म्हणून खेळ चालवते, म्हणून त्या बाजूने लिहिते. उत्तर पुष्कळदा लिहिलेले नसते. माझ्या एका कॅम्पेनमध्ये विहिरीतून रोज कोणीतरी नाव घेऊन हाक मारी. ती हाक कोणाची, याच्या तीन शक्यता मी मनात धरल्या होत्या आणि खेळाडू कोणाला वाचवायला धावतात यावरून त्यांतील एक खरी ठरणार होती. दोघांच्या बदल्या झाल्या आणि खेळ थांबला; पुढे एकाने विचारले, तेव्हा मी तिन्ही शक्यता सांगितल्या. त्याला आधी फसवणूक वाटली. मग त्याने चौथी सुचवली आणि ती माझ्या तिन्हींपेक्षा सरस होती. म्हणून धागाकर्त्यांना सुचवते की कीपरना ‘उत्तर काय होते’ असे विचारू नये. ‘तेव्हा तुमच्या मनात काय काय होते’ असे विचारावे आणि सोबत ती वही न्यावी.