मदत हवी आहे: अडीच वर्षांचा लेक रात्री उंच पलंगावरून पडतो

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याजवळ सासरच्या जुन्या घरात राहतो. लेक अडीच वर्षांचा. झोपेत घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. उशीवर डोकं ठेवून निजवावं, तर पहाटे उशीवर पाय आणि डोकं पलंगाच्या कडेला. गेल्या आठवड्यात मध्यरात्री धप्पकन आवाज आला. कपाळाला टेंगूळ, बाकी काही नाही. थोडा रडला, दूध प्यायला, झोपला. माझी झोप मात्र उडाली ती उडालीच.

अडचण पलंगाची आहे. शिसवी, चार खांबांचा, माझ्या कमरेएवढा उंच, खाली लादी. सासूबाई म्हणतात, "या पलंगावरून घरातली सगळीच पोरं पडलीत, तुझा नवरासुद्धा." पाय कापून घेण्याचं नाव काढलं तर घरात महाभारत होईल.

कडेला उशा लावल्या, तो झोपेत ढकलून देतो. मच्छरदाणी गादीखाली घट्ट खोचली, तर कडेला आला की जाळीसकट बाहेर लोंबतो! पलंग भिंतीला सरकवला, पण खांबांमुळे गादी आणि भिंतीत वीतभर फट राहते. त्यात अडकला तर?

खाली गादी घाला, हे सगळेच सांगतात. पण गोव्यातला जुलै आहे हो. परवा सतरंजी उचलली तर खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके. शिवाय पावसात घरात गोम कुठून निघेल सांगता येत नाही.

बाजारात मिळणारा बेड रेल, म्हणजे पलंगाच्या कडेला लावायचा कठडा, असल्या पलंगाला बसतो का? गादी कापसाची आहे. कोणी वापरलाय का?

सुरंगी: कापसाच्या गादीवर रेल नको. कड दबते, रेल आणि गादीत फट पडते, मूल त्यात सरकून अडकतं. ते पडण्यापेक्षा वाईट. गादी घट्ट हवी, काथ्याची चालेल, आणि रेल तिला अगदी चिकटून बसला पाहिजे. दोन वर्षांखालच्या मुलांना तर रेल लावूच नये. तुमचा अडीचचा आहे म्हणून एवढं तरी बोलते. तोवर टॉवेलची जाड गुंडाळी करून कडेला *चादरीखाली* घाला. वरची उशी ढकलता येते, ही नाही.

डोंगरमाथा: आम्ही साखळीला. सुताराकडून लाकडी पट्ट्यांची चौकट करून घेतली, लादीपासून चार बोटं वर, पट्ट्यांमध्ये बोटभर फटी. गादीखालून वारा खेळतो. तरी सकाळी गादी भिंतीला उभी करून पंखा लावायचा, कंटाळा चालत नाही. चौकट भिंतीपासून हातभर लांब ठेवा. मुलगा अजून गडगडतो, पण उठतसुद्धा नाही.

अबोली: परिचारिका आहे म्हणून सांगते. नुसतं टेंगूळ आलं आणि मूल नेहमीसारखं खेळतंय, तर फडक्यात बर्फ गुंडाळून शेका आणि लक्ष ठेवा. पण शुद्ध गेली, परत परत उलट्या झाल्या, आकडी आली, हाक मारून नीट जागं होत नाही, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा. आणि ताई, झोपताना खाली जाड रजई अंथरून ठेवा, पलंगाशेजारचं स्टूल आजच हलवा. टोकावर डोकं आपटलं की वेगळीच गोष्ट होते.

मूळ धागाकर्ती: स्टूल हलवलं. त्याच्यावर समई होती, बघून अंगावर काटा आला. माडीवर फणसाच्या जुन्या फळ्या पडून आहेत, चौकट तीच करून घेते. सासूबाईंचीही ना नाही, पलंग शाबूत राहतोय ना! डोंगरमाथा, चौकटीच्या पायांना खाली रबर लावलंय का तुम्ही? आमची लादी ओली झाली की फार निसरडी होते.