छोट्या गोळीला झेपेल तेच सावज

रायफलच्या .२२३ गोळीला एवढा वेग आहे, मग तिने हरीण का मारू नये, असं तुम्ही विचारलंत. वेग आहेच, ५५ ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण ९७५ मीटरने सुटते. पण उपद्रवी प्राण्यांसाठीच्या गोळीचं आवरण मुद्दाम पातळ ठेवतात, लागताक्षणी फुटावी म्हणून. वुडचक (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी), कोल्हा, कायोटी (लांडग्यासारखा पण लहान अमेरिकी प्राणी) तिने जागीच आडवे होतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर मात्र तिचा चुरा होतो, जखम उथळ राहते, जनावर झाडीत पळतं आणि तासन् तास तडफडतं. हे मला अजिबात पटत नाही. अनेक ठिकाणी तर हरणासाठी किमान कॅलिबर (गोळीचा व्यास) कायद्यानेच ठरलेलं असतं, ते आधी बघा.

.१७ एचएमआर या आणखी छोट्या काडतुसाची गोळी जेमतेम १.१ ग्रॅमची. ससा, खार, फार तर वुडचक. वारा सुटला की ती चांगलीच सरकते, कायोटीवर नकोच.

साधी .२२ एलआर (लाँग रायफल) गोळी ससे-खारींना पुरते, तीही ५०-६० मीटरच्या आत. सावजामागे मातीचा उंचवटा असल्याशिवाय चाप ओढू नका. ही शिशाची गोळी दगडावरून, पाण्यावरूनसुद्धा उसळते आणि कुठे जाईल सांगता येत नाही.