मदत हवी आहे: रूममध्ये (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) कॉलम वाढवताना जुना डेटा कसा टिकवायचा?

नोकरीत पायथॉन लिहितो, मोबाइल ॲप पहिल्यांदाच. आईसाठी दुधाच्या रतिबाचा हिशेब ठेवणारं छोटं ॲप कोटलिनमध्ये केलंय. डेटा रूममध्ये, सगळं ऑफलाइन. ८ जीबीच्या लॅपटॉपवर एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) रडतो, म्हणून थेट फोनवर यूएसबी डीबगिंगने चालवतो. ते छान चाललंय.

आता 'खाडा' हा कॉलम वाढवायचाय. एंटिटीत (टेबलाची रचना सांगणाऱ्या क्लासमध्ये) घातला, तर ॲप उघडताच बंद. डेटाबेसचं व्हर्जन १ चं २ केलं, तर मायग्रेशन (जुन्या रचनेतून नव्या रचनेत नेणारा कोड) सापडत नाही म्हणून पुन्हा क्रॅश. मग एका व्हिडिओत बघून फॉलबॅक-टू-डिस्ट्रक्टिव्ह-मायग्रेशनची ओळ टाकली. ॲप उघडलं, पण नोंदी साफ! (नावातच 'डिस्ट्रक्टिव्ह' होतं म्हणा.) नशीब, तो माझा फोन होता. आईच्या फोनवर अजून व्हर्जन १ आहे, तीन महिन्यांच्या नोंदींसह, आणि त्या जाऊन चालणार नाहीत.

फ्लटर (अँड्रॉइड-आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवायचं साधन) वापर, हे कृपया सुचवू नका, फक्त अँड्रॉइडच हवंय. प्ले स्टोअरवरही टाकायचं नाही.

मायग्रेशनमध्ये 'ऑल्टर टेबल'ने नॉट-नल (रिकामा न चालणारा) इंटिजर कॉलम डिफॉल्ट ० देऊन वाढवला, तर तोच डिफॉल्ट एंटिटीतल्या कॉलम-इन्फो या ॲनोटेशनमध्येही (कोडमधल्या खुणेत) लिहावा लागतो का? आणि आईच्या फोनवर टाकण्याआधी हे १ वरून २ वर जाणं माझ्या फोनवर कसं तपासू?