‘प्रोफाइलिंग’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘बेरी’ म्हणजे ‘बोर’ का?

माळवी मराठी, इंदूर:
काफळ, हिसालू आणि किलमोडा या हिमालयातल्या रानफळांवर मराठी माहितीपत्रक तयार होतंय. मथळा सध्या असा, ‘बेरी’ला ‘बोर’ आणि ‘प्रोफाइलिंग’ला ‘विश्लेषण’ धरून: ‘पहाडी बोरांच्या अर्कातील गुणकारी द्रव्यांचे विश्लेषण’. इंदुरात ‘बेर’ आणि ‘बेरी’ दोन्ही कानावर पडतात, त्यामुळे ‘बोर’ सहज लिहिलं गेलं, पण खटकतंय. ‘विश्लेषण’ही अपुरं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

रानवाटा:
‘बोर’ काढाच. बोर हे एका ठरावीक झाडाचं फळ, आत एकच टणक आठळी. म्हणजे ते आठळीफळ. बेरीला परिभाषेत ‘मृदुफळ’ म्हणतात: गर मऊ आणि बिया थेट गरातच. द्राक्ष, टोमॅटो, आपलं करवंद ही मृदुफळं. पण तुमच्या तिघांपैकी काफळ आठळीफळ आहे. हिसालू तर इवल्या आठळीफळांचा घोस, म्हणून घोसफळ. मृदुफळ म्हणावं असा फक्त किलमोडा. तेव्हा ‘मृदुफळे’ लिहिलंत तरी तिघांतली दोन चुकतील. सरळ ‘हिमालयातील रानफळे’ लिहा. ‘डोंगरी’ही नको, इंदूरच्या वाचकाला त्यातून विंध्याचे डोंगर दिसतील.

परीक्षानळी:
‘विश्लेषण’ फार पसरट आहे. फळात पाणी किती, हेही विश्लेषणच. प्रोफाइलिंगमध्ये कोणकोणती संयुगं आहेत आणि प्रत्येक किती, हे एकत्र मांडतात. त्याला मी ‘घटकपट’ म्हणेन. ‘रासायनिक ठसा’ हा शब्दही सुचेल, पण तो वेगळ्या कामासाठी राखून ठेवा. ठशात आलेखातल्या शिखरांची (एकेक शिखर म्हणजे एकेक संयुग) ठेवण एका नमुन्याशी दुसऱ्याची ताडून बघतात, शिखरांची नावं कळली नाहीत तरी चालतं. घटकपटात नाव हवं आणि आकडाही हवा.

म्हणूनच ‘एकूण फेनॉल’च्या (वनस्पतींतल्या संयुगांच्या एका गटाच्या) आकड्याला घटकपट म्हणू नका. ती फोलिन-सियोकाल्टो चाचणी. ०.५ मिली अर्कात दसपट पातळ केलेलं याच नावाचं अभिकर्मक २.५ मिली घालतात, पाच मिनिटांनी ७.५% सोडियम कार्बोनेट २ मिली, मग अंधारात ठेवून ७६५ नॅनोमीटरला निळा रंग मोजतात. क्रम उलटवू नये: अल्कधर्मी द्रावणात हे अभिकर्मक टिकत नाही, म्हणून कार्बोनेट नंतर. शिवाय ही चाचणी फक्त फेनॉल ओळखत नाही. जे जे क्षपण करतं, म्हणजे अभिकर्मकाला इलेक्ट्रॉन देतं, ते सगळं त्यात येतं, क जीवनसत्त्वसुद्धा. क जीवनसत्त्व भरपूर असलेल्या फळाचा आकडा त्यामुळे फुगतो. पत्रकात ‘गॅलिक आम्लाच्या तुलनेत’ हे शब्द गाळू नका.

नावं कळायची तर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली संयुगं एकेक करून वेगळी काढणारं यंत्र, लागतं. सी-१८ कॉलम (ज्यातून जाताना संयुगं वेगळी होतात ती नळी), एका बाजूनं ०.१% फॉर्मिक आम्ल घातलेलं पाणी, दुसऱ्या बाजूनं अॅसिटोनायट्राइल हे द्रावक, आणि नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून. इथं ‘कॉलम’ला ‘स्तंभ’ लिहू नका, प्रयोगशाळेत कुणी म्हणत नाही. काफळात मायरिसेटिन हे फेनॉल गटातलं संयुग शोधताना ३६० नॅनोमीटरला बघा. त्या संयुगाचं नावच काफळाच्या ‘मायरिका’ या वंशनावावरून आलेलं आहे, पत्रकात तेवढी ओळ जरूर घ्या.

माळवी मराठी, इंदूर:
‘घटकपट’ घेतला. किलमोड्याच्या जांभळ्या रंगासाठी दोन नळ्यांची चाचणी लिहिली आहे, ती ‘रंगमापन’ म्हणून चालेल?

परीक्षानळी:
‘पीएच-फरक पद्धत’ म्हणा, कारण खुबी फरकातच आहे. तोच अर्क पीएच (आम्लतेचं माप) १ च्या नळीत लालभडक, ४.५ च्या नळीत जवळजवळ रंगहीन होतो. दोन्ही नळ्या ५२० आणि ७०० नॅनोमीटरला मोजायच्या. ७०० चा आकडा गढूळपणा वजा करण्यासाठी. शिजवल्यावर तपकिरी झालेला रंग दोन्हीकडे सारखाच राहतो, म्हणून तो वजाबाकीत निघून जातो आणि उरतं ते खरं अँथोसायनिन, म्हणजे फळाचं लाल-जांभळं रंगद्रव्य. फळं वाळवताना ४० अंशांवर जाऊ नका, नाहीतर मोजायला रंगच कमी उरेल.

काढा-चूर्ण:
‘अर्क’बद्दल. हा शब्द मुळात अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. भांड्याच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसं वाफेतून गाळलेलं ते अर्क. आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट हे प्रकार वेगळे मोजतात ते याचसाठी. मिथेनॉल या द्रावकात भिजवून गाळलेलं द्रव ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफेतून गोळा केलेलं, नसतं. ‘निष्कर्ष’ शास्त्रीय म्हणून चांगला, पण वाचकाला अनुमान वाटेल. मग ‘अर्क’च ठेवा, फक्त आधी द्रावक जोडा: ‘८०% मिथेनॉल-अर्क’. पाण्याचा काढा आणि हा अर्क यांत उतरणारी द्रव्यं निराळी. कॅरोटिनसारखी तेलात विरघळणारी द्रव्यं तर ८०% मिथेनॉलमध्ये नीट उतरतच नाहीत. आणि हिसालूच्या बिया मिक्सरमध्ये भरडल्या गेल्या तर त्यांतली टॅनीनं (तुरट द्रव्यं)ही येतात, तेव्हा ‘बियांसह’ की ‘गराचा’ हेही शब्दात यावं.

‘गुणकारी’ मात्र काढा. तो शब्द खाणाऱ्या माणसाच्या शरीराबद्दल बोलतो, नळीत पाहिलेल्या गोष्टीबद्दल नाही. ‘जैवसक्रिय’ पुरे.

रानवाटा:
मग मथळा: ‘हिमालयातील रानफळांच्या मिथेनॉल-अर्कातील जैवसक्रिय संयुगांचा घटकपट’. लांब आहे, पण खरा आहे.

परीक्षानळी:
तक्त्याच्या शिरोभागी ‘ओल्या वजनावर’ की ‘सुक्या वजनावर’ हे लिहाच. फळात ८०% पाणी असेल तर ओल्या १०० ग्रॅममधले ३०० मिलिग्रॅम सुक्या १०० ग्रॅमवर १,५०० होतात. दोन्ही आकडे एका रकान्यात आले की तेच फळ पाचपट समृद्ध दिसतं.