काळ्या घोड्यावरचा राजा चौकात परत आणायचा का?

गिरगावकर
काळा घोडा चौकात २०१७ साली नवा घोडा बसवला, पाठीवर स्वार नसलेला. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, तो युवराज असताना केलेला, १८७९ सालचा. १९६५ साली तो उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. माझं मत: तो परत चौकात आणा. बोहमसारख्या नावाजलेल्या शिल्पकाराचं काम आहे, पैसे मुंबईच्याच अल्बर्ट ससूनने दिलेत. शेजारी त्याच्या वडिलांच्या नावाची लायब्ररी आपण जपतो, ससून डॉकवर अजून रोज मासळी उतरते. मग पुतळ्यानेच काय घोडं मारलंय? इतिहास असा बागेत नेऊन टाकायचा नसतो.

सोलापूरकर
इतिहासच काढताय तर पुरता काढू. हा युवराज १८७५ च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरला, त्याची आठवण म्हणून हा पुतळा. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूर, नगर, विजापूरकडची गावं ओस पडली. दुष्काळी कामावर राबणाऱ्या गड्याला दिवसाला एक रतल (जेमतेम अर्धा किलो) धान्य आणि वर एक आणा, एवढ्यावर मजुरी आणली ती दुष्काळासाठी सरकारने धाडलेल्या सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने. इतक्यात माणूस जगत नाही, म्हणून पुण्याची ‘सार्वजनिक सभा’ ही संस्था सरकारकडे अर्जामागून अर्ज करत होती. पुतळा उभा राहिला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर कोण? हाच टेंपल. आमच्याकडे माणसं अन्नाविना गेली आणि मुंबईत युवराजाचा घोडा चौथऱ्यावर चढला. मला तो चौकात नको.

वाचनवेडी
आणि ससूनांच्या दातृत्वाचं कौतुक करताना तो पैसा कुठला तेही सांगा. कापूस होता, तशी चीनला जाणारी अफूही होती.

गिरगावकर
मग पुण्याच्या ससून हॉस्पिटलला टाळं लावायचं का?

वाचनवेडी
अजिबात नाही. तिथे गोरगरिबांना औषधपाणी मिळतं. पुतळा फक्त मान वर करून बघण्यासाठी असतो. दोन्ही एका मापाने कसे मोजता?

भायखळेकर
आमच्या बागेत तो आहे तिथेच राहू द्या. पेंग्विन बघायला आलेली पोरं त्याच्यापाशी थांबतात, ‘हा कोण?’ विचारतात, आईबाप ‘कुणीतरी इंग्रज’ म्हणून हात धरून पुढे नेतात. याचं फार वाईट वाटतं. लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती. जुन्या वस्तू समजावून सांगायला याहून चांगली जागा कोणती? पुतळ्याखाली ठळक मराठीत सगळं लिहा: राजा, ससून, बोहम आणि तो एक रतलही.

गिरगावकर
लिहाच, पण चौकात लिहा. काळा घोडा महोत्सवाला केवढी गर्दी लोटते! तिथे तो मजकूर जितके वाचतील, तितके बागेत वाचतील का?

सोलापूरकर
चौकात राजा उंच चौथऱ्यावर आणि एक रतल धान्याची गोष्ट खाली, गुडघ्याच्या उंचीला. गर्दी फोटो कशाचा काढेल? भायखळेकरांचं मला पटतं. फक्त टेंपलचं नाव त्यात यायलाच हवं, आणि सार्वजनिक सभेचंही.