शेव्हरची जाळी-पाती बदलायची आहेत, कोल्हापुरात अस्सल पार्ट कसा ओळखायचा?

राजारामपुरीची लेक

नमस्कार. प्रश्न माझ्या वडिलांच्या शेव्हरचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

आण्णा ७६ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे. डॉक्टरांनी ब्लेडची दाढी बंद करायला सांगितली म्हणून ब्रॉनचा सिरीज ३ शेव्हर घेतला. आण्णा एसटीत कंडक्टर होते. पहाटेची पहिली गाडी असली तरी दाढी केल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. ती सवय अजून तशीच आहे. आता हात थरथरतो म्हणून गाल ते करतात आणि गळ्याखालचं मी करते.

दिवाळीनंतर शेव्हर केस ओढायला लागला. एकाच जागी पाच-सहा वेळा फिरवायचा, जाळी गरम व्हायची, गळा लालभडक. एका दुकानात दाखवला तर न उघडताच म्हणाले, "याचे पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या." मग ऑनलाइन २९० रुपयांचं जाळी-पात्यांचं हेड मागवलं. दीड महिन्यात त्याची जाळी कडेला फाटली. फाटलेली मला दिसली नाही. आण्णांच्या हनुवटीखाली चरा उठला आणि रक्त थांबायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी कापूस दाबून धरून बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, "राहू दे, वाढू दे आता दाढी."

ते मला नको आहे. शेव्हरच बाद झालाय का? नुसती जाळी बदलली तर चालेल का? आणि बनावट माल परत गळ्यात पडू नये म्हणून काय बघायचं?

टूलरूमवाला, उद्यमनगर

ताई, पहिल्यांदा ती फाटकी जाळी घरातून बाहेर काढा. "आजचा दिवस काढू" म्हणून सुद्धा लावू नका.

शेव्हर बाद झालाय का ते आवाजावरून कळतं. पूर्ण चार्ज करून चालू करा. आवाज पहिल्यासारखा भरीव असेल आणि तरी केस ओढत असेल तर दोष जाळी-पात्यांचा. चालू केल्यावर आवाज बसत जात असेल, गालाला लावला की मंदावत असेल, तर बॅटरी गेली. मग नवीन हेडवर पैसे घालू नका.

मी उद्यमनगरात तीस वर्षं टूल ग्राइंडिंग करतो. लोक शेव्हरची पाती घेऊन येतात, "धार लावून द्या" म्हणतात. मी परत पाठवतो. कारण नीट समजून घ्या. जाळी म्हणजे निकेलचा पातळ पत्रा, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ. केस भोकातून आत येतो आणि खालून पाती सरकून त्याला भोकाच्या कडेवर कापतात, कात्रीची दोन पाती असतात तसं. एक पातं जाळीचं, दुसरं खालचं. पाती जाळीच्या बाकाला तंतोतंत टेकलेली पाहिजेत. घासून धार लावली की त्यांची उंची आणि बाक दोन्ही बदलतात, मध्ये फट पडते. मग केस कापला न जाता दुमडून फटीत अडकतो. तुम्हाला जे "ओढणं" जाणवतं ते हेच. गरम होण्याचं मूळही तिथंच, बोथट पाती कापण्यापेक्षा घासतात जास्त.

नुसती जाळी बदलू नका. झिजलेली पाती नव्या जाळीला आतून खातात. तुमच्या सिरीज ३ मध्ये तसाही प्रश्न येत नाही, जाळी आणि पाती एकाच कॅसेटमध्ये येतात. पण सिरीज ३ मध्येच काही मॉडेलना ३२बी बसते, काहींना २१बी. म्हणून शेव्हरच्या मागचा टाइप नंबर दुकानदाराला फोटो काढून दाखवा, नुसतं "सिरीज ३" सांगू नका. ३२बी आणि ३२एस मध्ये फरक फक्त रंगाचा, काळा आणि चंदेरी.

खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा फोन नंबर छापलेला पाहिजे. २०११ च्या वजनमापाच्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. नसेल तर हात लावू नका. पक्कं बिल घ्या.

नवीन जाळी आली की खिडकीच्या उजेडात धरून भोकं बघा आणि ते रूप लक्षात ठेवा. पुढं दर रविवारी असंच बघायचं. भोकांच्या रांगेत कुठं चकाकणारी रेघ दिसली, कडेला केसाएवढी चीर दिसली, तर त्या दिवशीच थांबायचं.

कात्री-कंगवा

ताई, माझं शाहूपुरीत सलून आहे. वयस्कर माणसाच्या गळ्याची कातडी सैल असते, ती जाळीखाली गोळा होते आणि चांगल्या जाळीनंसुद्धा लाल होते. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी कानाकडे वर ताणा आणि शेव्हर केसांच्या उलट दिशेनं हलका न्या. दाबू नका. दोन-तीन दिवसांची दाढी असेल तर आधी ट्रिमर मारा.

आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या माणसाला कापलं तर तुरटीवर भरवसा ठेवू नका. स्वच्छ कापड दाबून धरायचं, थांबत नसेल तर दवाखाना. आण्णांना म्हणावं, दाढी सोडू नका.

कळंबेकर

माझा पॅनासॉनिक आहे. त्यांच्या माहितीपत्रकात बाहेरची जाळी दर वर्षी आणि आतली पाती दोन वर्षांनी बदला असं आहे. ब्रॉनचे लोक १८ महिने सांगतात. तुमची चार वर्षं चालली, म्हणजे भरपूर झाली.

राजारामपुरीची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आवाज पहिल्यासारखाच होता, म्हणजे बॅटरी ठीक. टाइप नंबरचा फोटो दाखवून ३२बी घेतली, आयातदाराचा पत्ता दुकानातच वाचला. किंमत ऐकून क्षणभर वाटलं की थोडे घालून नवीन शेव्हरच घ्यावा, पण आण्णांच्या हाताला हाच बसलाय.

बसवायला काहीच लागलं नाही. दोन्ही बाजूंची बटणं दाबली, जुनी वर उचलली, नवी "टक्" करून बसली. शेव्हरबरोबर आलेली ती पहिली कॅसेट उलटी करून बघितली तर पात्यांच्या कडा मधोमध गुळगुळीत झाल्या होत्या, नखाला धार लागतच नव्हती. हे मी वर्षभर त्यांच्या गळ्यावर फिरवत होते, याचं फार वाईट वाटलं.

काल सकाळी कातडी कानाकडे ताणून केली. लाल झालं नाही. आण्णांनी आरसा मागून घेतला आणि कल्ले सारखे आहेत का ते दोनदा बघितलं.

एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. जाळी त्यानं धुतली तर चालेल? आणि तेल कुठलं?

टूलरूमवाला, उद्यमनगर

शेव्हरवर नळाचं चिन्ह असेल तर धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार भोकांत बसतात, म्हणून शेवटचं खंगाळणं नळाच्या नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्यानं करा. झटका, पण कॅसेटवर ब्रश मारू नका, ब्रश फक्त शेव्हरच्या डोक्याच्या आतल्या भागाला. कॅसेट काढून उघडी वाळू द्या. साबणानं तेल निघून जातं, म्हणून वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब जाळीवर टाकून पाच सेकंद चालू करा. खोबरेल नको, इथल्या थंडीत सकाळी थिजतं.